नातवंडांच्या हॅलोवीनचे घरगुती चित्रीकरण कसे करावे, आणि २००१ च्या दिवाळीची टेप

प्रश्न : शहापूरची आजी, बेळगाव

नमस्कार. मी बेळगावच्या शहापूर भागात राहते आणि मराठी शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले आहे. माझी मुलगी आणि जावई न्यू जर्सीत असतात. नात नऊ वर्षांची आहे, नातू पाच वर्षांचा. ऑक्टोबरच्या मध्यात मी प्रथमच त्यांच्याकडे जाणार असून दिवाळी करूनच परतणार आहे. यंदा (२०२६) लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला असल्यामुळे ३१ ऑक्टोबरचा हॅलोवीनही, म्हणजे मुले सोंगे घेऊन दारोदार चॉकलेटे मागत फिरतात तो सण, मला तिथे मुलांबरोबर पाहायला मिळेल.

मुलगी दरवर्षी हॅलोवीनच्या चित्रफिती मला पाठवते. गेल्या चार वर्षांच्या मिळून साठ-सत्तर तरी असतील, आणि त्या मी इतक्या वेळा पाहिल्या आहेत की कोणत्या चित्रफितीत कोणाचे डोके मध्ये येते हे मला पाठ झाले आहे. त्यातली प्रत्येक पाच-सहा सेकंदांची आहे. मुले अंधारात पाठमोरी चालत असतात, कोरलेल्या भोपळ्याचे नाक-डोळे दिसण्याऐवजी एक पांढरा डाग दिसतो, आणि कोणी काही बोलू लागले की चित्रफीत संपते. २०२४ साली नरक चतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशी, ३१ ऑक्टोबरला आले होते. सकाळी मुलांना उटणे लावून अभ्यंगस्नान घातले आणि संध्याकाळी नातू वाघ होऊन निघाला, असे मुलीने फोनवर सांगितले. तो सगळा दिवस डोळ्यांनी पाहावा अशी माझी फार इच्छा होती. पण हाती आली ती वाघाच्या शेपटीची चार सेकंदे. मुलीला मी दोष देत नाही. दोन मुलांचे हात धरून तिसऱ्या हाताने चित्रीकरण कोण करणार? म्हणूनच यंदा ते काम मी माझ्याकडे घ्यायचे ठरवले आहे.

याला आणखी एक कारण आहे. माझ्याकडे २००१ च्या दिवाळीची एक मिनीडीव्ही टेप, म्हणजे तेव्हाच्या व्हिडिओ कॅमेऱ्यातली छोटी कॅसेट, आहे. माझ्या दिरांनी कुवेतहून येताना कॅमेरा आणला होता. मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती आणि गल्लीतल्या मुलांबरोबर तिने आमच्या अंगणात येळ्ळूरचा राजहंसगड केला होता. टेपमध्ये चित्र आहे ते फक्त किल्ल्याचे : ओली माती, उगवलेली मोहरी, तटावरचे मावळे. मात्र चित्रात नसलेल्या माझ्या सासूबाई त्या वेळी दारात उभ्या राहून भाजीवालीशी कानडीत भोपळ्याच्या फोडीचा भाव करत होत्या, मध्येच मराठीत मुलांना दटावत होत्या, आणि ते सगळे बोलणे टेपवर उतरले होते. सासूबाई २००६ साली गेल्या. त्यांचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेही नाही. गेल्या वर्षी मी ती टेप शहरातल्या एका स्टुडिओत देऊन पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. चित्र आले, पण आवाज एकाच कानात येतो, तोही दबका, आणि सासूबाईंचे बोलणे जवळजवळ ऐकू येत नाही. विचारल्यावर, टेप जुनी झाली आहे, याहून अधिक काही निघणार नाही, असे उत्तर मिळाले.

माझे विचारणे असे आहे. पंचवीस वर्षांनी माझ्या नातवंडांना त्या संध्याकाळचे घर दिसावे आणि ऐकूही यावे, यासाठी फोनवर चित्रीकरण करताना मी काय सांभाळावे? जुन्या टेपमधला आवाज परत मिळण्याची काही आशा आहे का? आणि अंगणातला किल्ला व अमेरिकेतला भोपळा एकाच फितीत जोडता येतील का?

उत्तर : लग्नाचे शूटिंगवाले, खानापूर

बाई, सर्वप्रथम टेपविषयी, कारण तिथे उशीर करून चालणार नाही. तुम्ही सांगितलेल्या खुणांवरून दोष टेपचा नसून प्रत करण्याच्या पद्धतीचा असावा असे मला वाटते. अनेक ठिकाणी कॅमेऱ्याच्या पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल पिनांची वायर संगणकाला जोडून टेप चालवतात व जे येईल ते पुन्हा रेकॉर्ड करतात. पांढरी आणि लाल या आवाजाच्या दोन बाजू आहेत. त्यांतली एक पिन बसली नसेल किंवा वायर आतून तुटलेली असेल, तर आवाज एकाच कानात येतो, आणि सासूबाई ज्या बाजूला उभ्या होत्या तीच बाजू गेली असेल तर त्यांचे बोलणे दबून जाणे स्वाभाविक आहे.

मिनीडीव्ही टेपवर चित्र आणि आवाज मुळातच अंकीय (डिजिटल) स्वरूपात साठवलेले असतात. त्यामुळे ती फायरवायर नावाच्या वायरीने जोडून उतरवली, तर टेपवर जे आहे ते जसेच्या तसे संगणकावर येते, मधल्या मध्ये काही हरवत नाही. अशी एक तासाची फाईल साधारण १३ जीबीची होते. तुम्हाला मिळालेली फाईल एक-दोन जीबीची असेल, तर ती दाबून लहान केलेली प्रत आहे असे समजा. फायरवायरची सोय असलेला संगणक आता शोधावा लागतो, पण जुन्या शूटिंगवाल्यांपैकी कोणाकडे तरी तो असतोच. माझ्याकडे आहे.

टेप कोणाच्याही हाती देण्यापूर्वी दोन गोष्टी करा. टेपच्या कडेला एक बारीक सरकती खिटी असते, ती ‘सेव्ह’ या बाजूला सरकवून ठेवा, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही रेकॉर्ड होणार नाही. आणि टेप उजेडात धरून आतल्या रिळाच्या कडा पाहा. आपल्याकडचा पावसाळा टेपांचा शत्रू आहे. खानापूर भागात तर कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. कडेवर पांढरी भुकटी दिसली तर टेप अजिबात चालवू नका. ती आधी साफ करून घ्यावी लागते, नाहीतर बुरशी कॅमेऱ्याच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, बसते आणि टेपही खरवडली जाते. कडा स्वच्छ असतील तर टेप एकदा शेवटापर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून मगच प्रत करायला घ्यावी.

आता हॅलोवीनविषयी. मी अमेरिका पाहिलेली नाही, पण अंधारातले चित्रीकरण लक्ष्मीपूजनाच्या रात्री असो वा वरातीत असो, त्याचे नियम तेच आहेत.

भोपळ्याचा पांढरा डाग होतो तो असा. चौकट बहुतांश काळी असल्यामुळे फोन सगळेच उजळवू पाहतो आणि त्यात दिवा जळून जातो. त्यासाठी पडद्यावर भोपळ्याच्या उजळ भागावर बोट टेकवून तसेच दाबून धरावे. बहुतेक फोनांमध्ये त्यामुळे प्रकाश आणि फोकस त्या जागी बांधले जातात. मग बोट खाली सरकवले की उजेड कमी होतो आणि कोरलेले नाक-डोळे स्पष्ट दिसू लागतात. फोनचा टॉर्च मात्र लावू नका. तो तोंडावर पडला की मुले डोळे मिटतात आणि मागचे अंगण काळे पडते. त्याऐवजी मुलांना दारावरच्या दिव्याखाली किंवा खिडकीच्या उजेडाजवळ क्षणभर थांबवावे. सूर्य मावळल्यानंतरची पहिली वीस-पंचवीस मिनिटे आकाश निळे असते आणि दिवेही लागलेले असतात. तेवढ्या वेळात घराबाहेरचे जे घ्यायचे ते घेऊन टाका.

विजेचा एक फरकही ध्यानात ठेवा. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, तिकडची ६० ची. काही दिवे त्याच्या दुप्पट वेगाने, म्हणजे इथे १०० वेळा आणि तिथे १२० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. आम्ही इथे सेकंदाला २५ चित्रे आणि शटर, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी उजेड आत घेण्याचा वेळ, १/५० सेकंद ठेवतो. तिथे ३० चित्रे आणि १/६० ठेवावे लागते, नाहीतर चित्रावरून काळे पट्टे सरकताना दिसतात. तुमच्या फोनमध्ये कोणी २५ लावून दिले असेल तर जाण्यापूर्वी ३० करून घ्या.

एकदा बटण दाबले की मनातल्या मनात दहा आकडे मोजेपर्यंत हात हलवू नका, आणि नातवाच्या उंचीवर या. गुडघे दुखत असतील तर पायरीवर किंवा स्टुलावर बसून घ्या. उभ्याने घेतलेल्या चित्रात पाच वर्षांच्या मुलाचा टाळू तेवढा दिसतो. आवाजासाठी जवळ जाण्याला पर्याय नाही, कारण फोनचा माईक चार पावलांवर बोललेलेही नीट घेत नाही. प्रश्न विचारून झाला की तुम्ही गप्प राहा. मूल उत्तर द्यायला वेळ घेते आणि आपण मोठी माणसे ती जागा आपल्याच बोलण्याने भरून टाकतो.

दोन्ही फिती जोडण्याचे म्हणाल तर ते अवश्य करा. तुमची टेप पाल या आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या पद्धतीची, सेकंदाला २५ चित्रांची असणार. जोडलेली फीत ३० ची करावी आणि जुन्या चित्रातल्या आडव्या रेषा संगणकावर काढून घ्याव्यात. मात्र जुने चौकोनी चित्र आजच्या रुंद पडद्यावर ताणून बसवू देऊ नका. त्यामुळे किल्ला पसरट आणि मुले जाड दिसतात. दोन्ही बाजूंना काळी जागा राहिली तर राहू द्यावी.

उत्तर : निपाणीची माहेरवाशीण, सध्या न्यू जर्सी

बाई, वरच्या उत्तरातले तंत्र माझ्याही उपयोगाचे आहे. मी फक्त तो दिवस इथे कसा जातो ते सांगते, म्हणजे कुठे थांबायचे याचा अंदाज तुम्हाला येईल.

दारोदार फिरणे हा हॅलोवीनचा लहानसा भाग आहे, आणि चित्रीकरणासाठी तो सर्वांत अवघडही आहे. खरी गंमत भोपळा कोरण्याच्या दिवसापासून सुरू होते. फार आधी कोरला तर भोपळा दोन-चार दिवसांत मऊ पडतो, म्हणून बहुतेक घरी हे काम ३१ तारखेच्या जरा आधी करतात. टेबलावर वर्तमानपत्रे पसरतात, मोठी माणसे देठाकडची चकती कापून काढतात आणि मुले आत हात घालून गर काढताना एकदम किंचाळतात. बिया धुऊन, मीठ लावून भाजतात. आमच्याकडे मी गराचे घारगे करते. हे सगळे स्वयंपाकघराच्या भरपूर उजेडात घडते, मुले एका जागी असतात आणि बोलत असतात. तुमच्या मुलीला भोपळा कोणत्या दिवशी कोरणार हे आधीच विचारून ठेवा.

दुसरी जागा म्हणजे पोशाख चढवण्याची वेळ. मुखवटा लावल्यावर चेहरा जातो आणि आवाजही घुमतो, म्हणून मुखवट्याच्या आधीचे मूल टिपायला विसरू नका. शिवाय ऑक्टोबरअखेर इथे संध्याकाळी थंडी असते आणि दरवर्षी घरोघरी तोच वाद होतो : आई वाघाच्या पोशाखावर जाकीट घालू पाहते आणि वाघ रडतो. तुमच्या चित्रफितीत शेपूटच का दिसली, याचे हेही एक कारण असू शकेल!

३१ ऑक्टोबरला इथे सूर्यास्त सहाला सात-आठ मिनिटे कमी असताना होतो. लहान मुले त्याआधीच निघतात, तेव्हा त्यांच्याबरोबर पहिली दोन-तीन घरे जा आणि मग फोन खिशात ठेवून नुसत्या चाला. इतरांच्या मुलांबाबत मात्र काळजी घ्या. दारात आलेल्या अनोळखी मुलांचे जवळून चित्रीकरण करणे इथल्या पालकांना आवडत नाही. ओळखीच्या मुलांसाठीही आईवडिलांना एकदा विचारावे. शेजाऱ्यांच्या घराचे क्रमांक आणि मोटारींच्या पाट्याही शक्यतो चौकटीत नकोत. फीत घरच्यांपुरतीच ठेवायची असली तरी ती पुढे कुठे जाईल हे आपल्या हातात राहत नाही.

परत आल्यावर मुले पिशव्या जमिनीवर ओततात. त्यानंतरचा अर्धा तास काहीही झाले तरी सोडू नका. चॉकलेटांचे ढीग लावले जातात, भावंडांत अदलाबदल होते, शेंगदाण्याचे काय आणि चिकट काय ते आई बाजूला काढते, आणि एका चॉकलेटच्या बदल्यात तीन गोळ्या घ्याव्या की चार यावर जी बोलणी चालतात ती ऐकताना मला निपाणीच्या बाजारातल्या माझ्या आजीची आठवण येते. तुमच्या सासूबाईंचा भोपळ्याचा भाव वाचला तेव्हा तर फारच आली.

मुलांशी मराठीतच बोला. ती इंग्रजीत उत्तरे देतील, देऊ द्या. तुम्ही मराठीत विचारता आहात आणि त्यांना ते समजते आहे, हे फितीत आपोआप येईल.

उत्तर : चिकोडीचे एक वाचक

बाईंच्या भावनेचा पूर्ण आदर राखून एक शंका मांडतो. सीमाभागात आपली भाषा आणि आपले सण टिकवण्यासाठी आपण इतकी वर्षे धडपडत आलो आहोत. अशा वेळी परक्या सणाचे चित्रीकरण आजीने हौसेने करावे आणि ते आपल्या दिवाळीच्या फितीला जोडावे, याने नातवंडांपुढे दोन्ही सण एकाच तोलाचे ठरणार नाहीत का? दिवाळीची वेगळी, सविस्तर फीत करावी आणि तिच्यावरच अधिक कष्ट घ्यावेत असे मला वाटते.

शहापूरची आजी

तुमची शंका मी मनावर घेतली आहे, कारण हा विचार माझ्याही मनात आला होता. दिवाळीची फीत मी करणारच आहे; हॅलोवीननंतर आठवड्यानेच दिवाळी आहे आणि अमेरिकेतल्या अंगणात किल्ला करायचा हट्ट मी आधीच धरला आहे. पण हॅलोवीन माझ्या नातवंडांना परका नाही. त्यांच्या बालपणातला तो एक मोठा दिवस आहे, आणि त्यांचे बालपण मला पाहायचे आहे. आपल्या बेळगावातही ३१ डिसेंबरच्या रात्री गल्लोगल्ली मुले ‘ओल्ड मॅन’चा पुतळा करून जाळतात. माझ्या मुलीनेही तो केला आहे, आणि त्यामुळे तिच्या राजहंसगडाचा एक दगडही हलला नाही. टेपवर जर तो पुतळा असता तर मी तोही जपला असता.

उत्तर : टिळकवाडी, संगणक क्षेत्रात नोकरी

बाई, जपणुकीविषयी थोडे लिहितो. चित्रफिती तुमच्यापर्यंत व्हॉट्सॲपवरून आल्या असतील तर त्या वाटेत लहान केल्या गेल्या आहेत. मुलीच्या फोनमध्ये मूळ फिती अजून असू शकतात आणि त्या पुष्कळ चांगल्या असतील. आधी त्या मागून घ्या. व्हॉट्सॲपनेच पाठवायच्या असतील तर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे मूळ फाईल येते. २ जीबीपर्यंतची फाईल अशी जाते.

चित्रीकरण १०८० (फुल एचडी) मध्ये केले तरी पुरेसे आहे. आयफोनवर त्याला एका मिनिटासाठी साधारण ६० एमबी लागतात. ४के हे त्याहून बारकाईचे चित्र घेतले तर १७० च्या आसपास. भोपळा कोरण्याचा तास घ्यायचा तर हा फरक जाणवतो. प्रवासाला निघण्यापूर्वी फोन रिकामा करून घ्या आणि थंडीत बॅटरी लवकर उतरते म्हणून पॉवर बँक जवळ ठेवा.

यंदा एक वेगळीच गोष्ट आहे. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळे एक तास मागे घेतात आणि यंदा तो रविवार १ तारखेचा आहे, म्हणजे हॅलोवीनच्याच रात्री. शिवाय तिथले संध्याकाळचे सहा म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेतीन. फिती नंतर बेळगावच्या संगणकावर पाहाल तेव्हा तारीख १ नोव्हेंबर दिसेल आणि दिवाळीच्या फितींशी त्यांच्या वेळांचा मेळ बसणार नाही. त्यामुळे रोज रात्री त्या दिवसाच्या फायलींचे वेगळे फोल्डर करून त्याला मराठीत नाव द्या : कोणता दिवस, कोणाचे घर, कोण कोण आहे. २००१ च्या टेपवर तशी चिठ्ठी नसेल तर तीही आजच लिहा, कारण तटावरचे मावळे मांडणारी मुले कोण होती हे सांगू शकणाऱ्या तुम्हीच आहात.

सगळ्याच्या तीन प्रती ठेवा : एक तुमच्या हार्ड डिस्कवर, एक मुलीकडे आणि एक ऑनलाइन. पेनड्राइव्हवर विसंबू नका. तो ने-आण करण्यासाठी असतो. टेपची प्रत झाली तरी टेप टाकून देऊ नका.

शहापूरची आजी

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी टेप घेऊन मी खानापूरला जाऊन आले. कडा स्वच्छ निघाल्या. फाईल अकरा जीबीची झाली आणि आवाज दोन्ही बाजूंनी आला. सासूबाई भाजीवालीला म्हणतात की गेल्या बाजाराला फोड याहून मोठी होती, आणि मग माझ्या मुलीला, ‘चिखलाचे पाय घेऊन सोप्यात येशील तर बघ.’ एवढे वाक्य मी विसरून गेले होते.

ती फाईल मुलीला पाठवली आहे. भोपळा २८ तारखेच्या रात्री कोरायचा असे तिने कळवले आहे. किल्ल्यासाठी मोहरी मी इथूनच नेणार होते, पण बिया विमानतळावर अडवतात असे ती म्हणते. ती तिथेच मिळेल. वर्तमानपत्रे पसरण्यासाठी मात्र बेळगावची चार मराठी वर्तमानपत्रे सामानात घेते आहे.